बद्द की खणखणीत

नारळ आपण सगळेच वाजवून घेतो. अण्णा कलिंगड वाजवतात, माठ वाजवतात, दुसऱ्याच्या घराची भिंत वाजवतात आणि एसटीत चढायच्या आधी तिचा पत्राही वाजवून बघतात. एकदा ते आमच्या शाळेत झेंड्याचा कट्टा नीट करायला आले होते. मधल्या सुट्टीत सातवीतलं एक पोरगं त्यांच्या हत्यारांशी खेळायला लागलं. अण्णांनी त्याला जवळ ओढलं, मधल्या बोटाचं पेर वाकवून त्याच्या टाळक्यावर दोनदा टकटक केली, कान जवळ नेला आणि मला हाक मारून म्हणाले, “मास्तर, ह्याला बद्द समजू नगा. भरीव हाय. टाकी जरा हळू लावा.”

त्या पोराला मी वर्षभर बद्दच समजत आलो होतो आणि माझी टाकी काही हळू नव्हती. आज ते पोरगं तालुक्यात विहिरींवर पंप बसवतं आणि मी रस्त्यात दिसलो की गाडी थांबवून पाया पडतं. त्या वर्षी त्याचं डोकं वाजवून कुणी निकाल दिला होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. थोडं श्रेय शिक्षकाकडंही राहावं.

अण्णा पाथरवट. वडारांमध्ये मातीकाम करणारे ते माती वडार, गाड्यावर दगड वाहणारे ते गाडी वडार आणि दगड घडवणारे ते पाथरवट, अशी जुनी विभागणी आहे. अण्णांच्या मते मात्र विभागणी दोनच: दगड कळणारे आणि बाकीचे. बाकीच्यांत इंजिनियर, सरपंच, मी आणि त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा येतो.

अंगानं बुटके, त्यात आयुष्य उकिडवं बसण्यात गेलेलं, त्यामुळे उभे राहिले तरी अजून थोडे उठायचे बाकी आहेत असं वाटतं. लहानपणी कपची उडून लागल्यापासून डावा डोळा अर्धा मिटलेला. त्या डोळ्यानं ते बघायला लागले की समोरच्याला वाटतं, आपण ओळंब्यात नाही आहोत. भुवया पांढऱ्या, वयानं की दगडाच्या पिठीनं, हे आंघोळीनंतर कळायला हवं, पण आंघोळ करून ते तडक दगडापाशीच बसतात. ऐकायला कमी येतं, म्हणजे माणसांचं. घणाखाली दगडाचा सूर जरा बदलला तर चहाचा कप खाली ठेवून वीस पावलांवरून ओरडतात, “थांब रं! शीर हाय त्यात!” आणि शीर असते.

घरात त्यांची वडारी बोली, तेलुगूच्या अंगानं जाणारी. दगड ऐकत नसला की अण्णा त्याच्याशी याच भाषेत बोलतात. मराठी त्यांनी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेली आहे. तेलुगूत दगडाला ‘रायी’ म्हणतात हे कळल्यावर मला फार आनंद झाला. म्हटलं, “अण्णा, राईचा पर्वत करणं ही आमच्याकडं नुसती म्हण आहे.” ते म्हणाले, “आमचा धंदा उलटा हाय. आमी पर्वताची रायी करतो.” मी हा विनोद स्टाफरूममध्ये स्वतःचा म्हणून तीनदा सांगितला आहे.

त्यांच्या जातीच्या उत्पत्तीची एक कथा जुन्या लोकांत सांगतात. अण्णांच्या तोंडून ती ऐकावी. शंकर-पार्वती रानातून चालले होते. ऊन मी म्हणत होतं. घामाचे थेंब खाली पडले आणि त्यातून एक पुरुष निघाला कुदळ घेऊन, एक बाई निघाली पाटी घेऊन. दोघांनी विहीर खणली, देवाला पाणी पाजलं. देवानं खूश होऊन बक्षिसी दिली. आमच्या मूळपुरुषाला ती कमी वाटली. तो म्हणाला, “एवढंच?” देव चिडला: जा, जन्मभर घाम गाळून खा!

इथं कथा संपते. कुणीही दुसरा असता तर कपाळाला हात लावून गप्प बसला असता. अण्णा बोटानं जमिनीवर एक रेघ मारतात आणि म्हणतात, “चूक काय झाली? दर आधी ठरवला न्हाई. तवापासनं आमी आधी ठरवतो.”

आणि खरोखरच ठरवतात. भाव, ॲडव्हान्स, चहा किती वेळा, दुपारची सावली कुणी द्यायची, सगळं. देवाशी झालेला व्यवहार इतक्या जिव्हारी लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुकान सांभाळतात अक्का, म्हणजे अण्णांची बायको. दुकान म्हणजे हायवेच्या कडेला ताडपत्री आणि तिच्याखाली पाटे, वरवंटे, खलबत्ते, सहाणा, एखादं जातं. मिक्सर घरोघरी आला आणि पाट्याचं आता संपलं, असं सगळे म्हणाले. अक्का म्हणाल्या, दम धरा. दम धरल्यावर पुण्याच्या गाड्या थांबायला लागल्या. पूर्वी बाया वरवंटा हातात घेऊन वजन बघायच्या, पाट्यावर तळवा फिरवायच्या. आताच्या फोटो काढतात. एका बाईंनी जातं विकत घेतलं, आणि दळण कसं पाडायचं हे अक्का सांगायला लागल्या तर त्या म्हणाल्या, “नको नको, बाल्कनीत ठेवायचंय. वर फुलं.” अक्कांनी त्या क्षणी भाव दीडपट केला. फुलं दळायला जास्त पैसे लागतात, असं त्यांचं म्हणणं.

तरुणपणी अक्का गावोगाव हिंडायच्या. भर उन्हात गल्लीतून “टाकीऽ लावायचीऽ, पाट्याला टाकीऽ” अशी हाक यायची आणि माझी आई हातातलं टाकून दारात जायची. झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर अक्का छिन्नीनं बारीक बारीक टोचे मारायच्या आणि अर्ध्या तासात तो पुन्हा दात आल्यासारखा व्हायचा. जाताना बजावून जायच्या की पहिल्यांदा मूठभर तांदूळ वाटा आणि फेकून द्या, मग चटणी वाटा. आईनं एकदा घाईत तांदूळ वाटले नाहीत. त्या दिवशीची लसणाची चटणी माझे वडील कुरकुर न करता जेवले. कुरकुर दातांखालीच चालली होती.

अण्णांना आपल्या मालाचा खरा अभिमान आहे तो वेगळ्याच कारणासाठी. “मूल झालं की पाचवीला पुजता काय? पाटा-वरवंटा. बारशाला पाळन्याखालनं फिरवता काय? वरवंटा, त्याला कुंची घालून. हळद दळता कशावर? जात्यावर. लग्नात पोरीला पाय कशावर ठिवाया लावता? दगडावर, दगडागत घट्ट ऱ्हा म्हून. आन् मेल्यावर धा दिस काय सांबाळता? जीवखडा.” इथं थोडं थांबून, खेदानं, “तेवडा एक फुकट मिळतो.”

सगळ्यात जास्त त्यांना राग आहे एका म्हणीचा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही ती म्हण. अण्णा काम करत असले की येणारा-जाणारा थांबतो, डोळे बारीक करतो आणि आपल्याला ही आत्ताच सुचली अशा थाटात ती त्यांना ऐकवतो. मीही ऐकवली होती. अण्णांनी हातोडी खाली ठेवली, बराच वेळ खोकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “बरं. घाव सोसनाऱ्याला देवपन येतं. घालनाऱ्याला काय येतं?” मी गप्प. “खोकला,” ते म्हणाले आणि कामाला लागले. मी म्हण मराठीच्या तासाला अजून शिकवतो, पण आवाज जरा कमी करून.

एका वर्षी वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला एक जागा रिकामी राहिली म्हणून अण्णांना घेऊन गेलो. मी इतिहासाचाही शिक्षक. कैलासासमोर उभा राहून मुलांना खणखणीत आवाजात सांगत होतो की आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम, कळसापासून सुरुवात करून वरून खाली कोरत आणलेलं. अण्णा इकडंतिकडं बघत होते. देव बघत नव्हते, हत्ती बघत नव्हते. भोवतालच्या कड्याच्या कडा बघत होते. मग मुलांसमोर विचारलं, “मास्तर, मलबा कुटं टाकला?”

लाख टनाच्या वर दगड तिथून निघाला असणार, एवढं मला ठाऊक होतं. तो गेला कुठं, हे बावीस वर्षांच्या नोकरीत मला विचारायचं सुचलं नव्हतं आणि क्रमिक पुस्तकालाही सुचलेलं नाही. मुलं माझ्याकडं बघायला लागली. मी शिट्टी वाजवून डबे खायची सुट्टी जाहीर केली.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्यात सगळे रंगीत चित्रांपुढं माना उंचावून उभे, आणि अण्णा गायब. शोधत गेलो तर चोवीस नंबरच्या लेण्यात सापडले. ते लेणं अर्धवट राहिलेलं. काही खांब घडलेले, काही नुसते चौकोनी ठोकळे, भिंतीवर टाकीचे घाव तसेच. आत चिटपाखरू नव्हतं. अण्णा एका अर्ध्या खांबावर हात फिरवत होते. म्हणाले, “हितं उजव्या हाताचा गडी हुता. आन् ह्यो पलीकडचा डावखुरा.” नंतर बाहेर येताना म्हणाले, “तिकडं नुसता देव दिसतो. हितं आमचा मानूस दिसतो.”

वाईला नेलं तरी तेच. ढोल्या गणपतीला लोक समोरून नमस्कार करतात, अण्णा मागून. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर आपटून दोन्ही अंगांनी फाटत जावं म्हणून. अण्णा मागं जातात, भिंतीला तळवा लावतात आणि तोच तळवा कपाळाला. पुजाऱ्यानं एकदा विचारलं, आत येत नाही का? तर म्हणाले, “आत ज्यो बसलाय त्याला ज्यानं सांबाळलं, त्याच्या पाया पडलो. पोचतंय.”

नावाचा विषय निघाला की अण्णा वाकड्यात शिरतात. लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीवर मी त्यांना शिलालेखाचा अर्थ सांगितला: १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधली. “बांदली?” अण्णांनी विचारलं. म्हटलं, म्हणजे पैसे दिले. “मंग बांदली कुनी?” ते लिहिलेलं नाही. “आन् त्याच्या खाली?” खाली काही नाही. अण्णांनी विहिरीच्या कमानीकडं बघितलं, तिचा एक चिरा वाजवला आणि म्हणाले, “लिवलंय की.”

त्यांच्या दृष्टीनं या धंद्यात शहाणा माणूस एकच होऊन गेला, हिरोजी इंदुलकर. रायगड बांधला, राजानं काय पाहिजे विचारलं, तर यानं जगदीश्वराच्या देवळाची पायरी मागून घेतली आणि तिच्यावर आपलं नाव कोरलं, ही कथा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि सगळे तिच्यात नम्रता बघतात. अण्णा हिशेब बघतात. “बाकीच्यांनी जहागिऱ्या घेतल्या. कुटं हायती? पायरी हाय.”

आमच्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक झाली तेव्हा अण्णांनाही बोलावलं होतं, कारण सतरंजीवर जागा होती. देऊळ जुनं, काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय चिऱ्यावर चिरा बसवलेलं. म्हणजे गावाच्या भाषेत हेमाडपंती, आणि गावाच्या भाषेत पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं. ठराव असा होता की दगड काळे पडलेत, तरी ऑइलपेंट द्यावा. दगड काळेच होते, हे कुणी बोलेना. शेवटी कुणीतरी सहज म्हणालं, अण्णांना काय वाटतं? अण्णा म्हणाले, “लावा की. पन आदी अध्यक्षांच्या पाठीला लावा. एक उनाळा बगा घाम कुटनं निगतो त्ये.”

हशा झाला, चहा झाला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. देऊळ आता साय रंगाचं आहे, शिखराला राणी कलर. दर पावसाळ्यात पोपडे निघतात, दर श्रावणात नवा हात बसतो. अण्णा रोज संध्याकाळी तिथं जातात आणि भिंतीकडं पाठ करून बसतात.

थोरल्या मुलानं कटर घेतला तेव्हा घरात महिनाभर अबोला होता. मुलाचं चुकलं म्हणावं तर तसंही नाही. छिन्नीनं दोन दिवस लागणारं काम कटरनं दुपारपर्यंत होतं, आणि त्याला दोन पोरं शिकवायची आहेत. नातू तर कॉम्प्युटरवर नक्षी काढून मशीनकडून ग्रॅनाइटवर बंगल्यांची नावं कोरून घेतो. ‘मातृछाया’ सगळ्यात जास्त खपतं म्हणे. अण्णा त्याच्या पाट्या वाजवून बघतात आणि काही बोलत नाहीत. दसऱ्याला मात्र छिन्नी, सुतकी, घण, पहार, गुण्या यांच्या रांगेत कटरही मांडलेला असतो. त्याला हळदकुंकू अण्णाच लावतात. फक्त तेवढ्या वेळी तोंड दुसरीकडं असतं.

आता माझ्या पायरीचं. आमच्या घराची पुढची पायरी काळ्या दगडाची, आजोबांच्या वेळची. घर नवं करताना कंत्राटदारानं ती काढली आणि चकचकीत ग्रॅनाइट बसवला. पहिल्या पावसात आई घसरली, मनगट प्लॅस्टरमध्ये. दुसऱ्या पावसात मी. मग मी अण्णांकडं गेलो. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, जुनी पायरी कुठं आहे? मी सांगितलं की फोडून सेप्टिक टँकच्या भरावात टाकली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माज्या बापानं बसीवली हुती ती.” आणि भाव पाचशेनं वाढवला.

तीन आठवडे सांगितले होते. दोन महिने नुसता दगड निवडण्यात गेले. खाणीत जायचं, वाजवायचा, परत यायचं. एक बद्द निघाला, एकात शीर निघाली, एक खणखणीत होता पण ‘तुमच्या घराला जास्त हुईल’ म्हणून सोडला. मी वैतागून इतिहासाचा आधार घेतला. म्हटलं, “अण्णा, हा सह्याद्रीचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झाला. तेवढा वेळ माझ्याकडं नाही.” अण्णांनी आकडा दोनदा विचारून घेतला. पुढं मी कधीही तगादा लावला की ते शांतपणे म्हणायचे, “त्यो साडेसा कोटी वर्सं थांबला, मास्तर. तुमाला धा दिस निगंनात?” मुलांना नको तेवढी माहिती देऊ नये, हे मला नोकरीत फार उशिरा कळलं.

दगड मिळाला. टाकीनं ओळीत भोकं पाडली, पाचरी घातल्या, एकेकीवर सारखे घाव दिले आणि तो पाव कापावा तसा सरळ फुटला. आवाजसुद्धा नाही, नुसता सुस्कारा. मग दारात बसून आठवडाभर मठारला. वरचा पृष्ठभाग मुद्दाम थोडा खरबरीत ठेवला, “आईसाठी.” बसवायच्या दिवशी उलटा केला तर खालच्या अंगाला, मातीत जाणाऱ्या बाजूला, कावळ्याच्या पायासारख्या तीन बारीक रेघा. म्हटलं, हे काय? म्हणाले, आमची खूण. बापाची पण हीच. म्हटलं, पण हे दिसणार कुणाला? “पायरी जो काडंल त्याला.”

शेवटचे पाचशे त्यांनी घेतले नाहीत. दर आधी ठरवणाऱ्या माणसाचा हा एकच उलटा नियम: पुरे पैसे एक पावसाळा गेल्यावर, पायरी हलली नाही तर.

दसऱ्यानंतर आले. आईनं चहा दिला, तो उभ्यानंच प्याले. पायरीवर पाणसळ ठेवली; बुडबुडा बरोबर मधोमध. मग कुणी सांगितलं नसताना ती उचलून आतल्या नव्या उंबऱ्यावर ठेवली. अर्धा मिटलेला डोळा पुरता मिटला.

“पायरी सळात हाय,” अण्णा म्हणाले. “घर कललंय तुमचं.”

मी पाचशे दिले. त्यांनी ते दोनदा मोजले, टोपीत ठेवले आणि जाता जाता माझ्या नव्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. कान लावून ऐकलं, आणि काही न बोलता निघून गेले.